करसवलतीचं भाषण मी मागे घेते

गेल्या सप्टेंबरात आपल्या मराठी वाङ्मय मंडळाच्या वादविवाद स्पर्धेत विषय होता, 'घरातली ऊर्जा वाचवणाऱ्याला आयकरात सूट मिळावी'. मी अनुकूल बाजूने बोलले आणि दुसरा क्रमांक घेऊन घरी गेले. ज्यांनी ते भाषण ऐकलं त्यांना आठवत असेल, मी सगळा भर अमेरिकेच्या उदाहरणावर दिला होता. "अमेरिकेतल्या माणसाने घराच्या खिडक्या बदलल्या तर सरकार त्याचा कर कमी करतं, मग आपल्याकडे पंखा बदलणाऱ्याचा का करू नये?" या वाक्याला टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की वाक्य खरं आहे असं वाटायला लागतं, ही वक्तृत्वाची एक खोड आहे.

ते चषकाचं बुटकं खांबुळकं अजून आमच्या टीव्हीवर आहे. पण भाषणातला अर्धा भाग आता मला पटत नाही. संपादकांना विचारलं तर ते म्हणाले, "मग तसंच लिही की." म्हणून लिहिते आहे.

आधी अमेरिकेतली ती सवलत नेमकी काय होती ते सांगते, कारण भाषणात मी ते धड सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाच माहीत नव्हतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथे 'इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट' नावाचा कायदा झाला. त्यात राहत्या घरात ऊर्जा वाचवणारी सुधारणा केली तर खर्चाच्या ३० टक्के रक्कम आयकरातून वळती करून घेता येत होती. बी.कॉम.च्या मंडळींना फरक कळेल: आपल्याकडे ८०सी वगैरे कलमांखाली मिळते ती वजावट उत्पन्नातून होते, हे क्रेडिट थेट भरायच्या करातून वजा होतं. हजार डॉलर कर भरायचा असेल आणि सहाशेचं क्रेडिट असेल तर चारशेच भरायचे. वर्षाला बाराशे डॉलरची मर्यादा. त्यातही खिडक्यांना सहाशे, एका दाराला अडीचशे, घराच्या ऊर्जा तपासणीला दीडशे. हीट पंप बसवला, म्हणजे आपल्या एसीसारखंच पण थंडीत उलटं चालून घर गरम करणारं यंत्र, तर त्याला वेगळे दोन हजारांपर्यंत. २०२३ या एका वर्षात २३ लाख कुटुंबांनी मिळून या सवलतीत दोन अब्ज डॉलरहून जास्त रक्कम घेतली. हा आकडा मी भाषणात ठोकून सांगितला होता आणि तो खरा आहे.

मग माझं मत कशाने बदललं? आत्याच्या फोनने.

आमची आत्या न्यू जर्सीत राहते, वीसेक वर्षं झाली. नाताळच्या सुट्टीच्या आधी तिचा फोन आला तेव्हा ती घाईत होती. "अगं, एकतीस डिसेंबरच्या आत खिडक्या बसल्याच पाहिजेत, नुसते पैसे भरून चालत नाही, आणि इथे एक कॉन्ट्रॅक्टर रिकामा नाही." झालं होतं असं, की २०३२ पर्यंत चालणार म्हणून जाहीर केलेली ती सवलत २०२५ च्या ४ जुलैला सही झालेल्या नव्या कायद्याने त्याच वर्षाच्या अखेरीस बंद होणार होती. मी सप्टेंबरात व्यासपीठावरून जिचे गोडवे गात होते ती तेव्हाच मृत्युशय्येवर होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. परीक्षकांनाही नसावा, नाहीतर दुसरा क्रमांक गेला असता!

हे बंद होणं तिथे नवं नाही म्हणे. १९७८ साली, तेलाच्या टंचाईच्या काळात, अध्यक्ष कार्टर यांनी पहिल्यांदा अशी सवलत आणली. घराला उष्णतारोधक थर वगैरे लावला तर पहिल्या दोन हजार डॉलरवर १५ टक्के. ती १९८५ अखेर संपली. २००५ च्या कायद्याने पुन्हा आली, मग कधी संपली, कधी मागच्या तारखेपासून जिवंत झाली. ज्याला पुढच्या उन्हाळ्यात काम काढायचं आहे त्याने भरवसा कशावर ठेवायचा? पण माझा मुख्य मुद्दा हा नाही.

मी आत्याला हिशेब विचारला. ती माणूस हिशेबी, सगळं लिहून ठेवणारी. २०२४ मध्ये तिने माळ्यावर इन्सुलेशन घातलं होतं. तिकडे माळा म्हणजे छपराखालची रिकामी जागा, तिच्यात कागदाच्या लगद्यासारखा माल यंत्राने फुंकून भरतात, म्हणजे घरातली ऊब वर निघून जात नाही. एकूण बिल ४,१०० डॉलर. पण त्यात मजुरी धरायची नसते, फक्त माल, तो २,४०० चा. त्याचे ३० टक्के म्हणजे ७२० डॉलर तिचे वाचले. आता चार खिडक्यांचा माल २,८०० चा, त्याचे ३० टक्के होतात ८४०, पण मर्यादा सहाशेची, म्हणून सहाशे.

"आणि सवलत नसती तर?" मी विचारलं.

ती हसली. "खिडक्या तर बदलायच्याच होत्या, वारा येतो गं त्यातून, पडदे हलतात. पण माळ्याचं काम खरं सांगू, त्या सातशे डॉलरसाठीच काढलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला तेव्हा कळलं की असं काही असतं." म्हणजे दोन कामांतल्या एकात सरकारचा पैसा कामी आला आणि एकात आयता मिळाला. हे तिने कबूल केलं म्हणून मी इथे लिहिते. सवलत अगदीच फुकट गेली असं म्हणणं खोटं होईल.

पुढे तिने जे सांगितलं तिथे माझं भाषण अडखळलं. तिच्या शेजारी एक म्हातारी बाई एकटी राहते. घर स्वतःचं, जुनं, आत्याच्या घरापेक्षा जुनं. उत्पन्न म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन, तेवढंच. त्याच कॉन्ट्रॅक्टरने तिच्याही माळ्याचं अंदाजपत्रक दिलं होतं. पण तिला आयकर लागतच नाही, आणि जो कर नाहीच तो कमी कसा होणार? हे क्रेडिट परतावा म्हणून हातात मिळत नाही, पुढच्या वर्षावर ढकलताही येत नाही. त्यामुळे सरकारकडून तिला शून्य. जिचं घर जास्त गळकं, जिला बिलाचा चटका जास्त, तिला काही नाही. माझ्या आत्याला, जी आयटीत आहे, तिला तेराशे वीस डॉलर.

आणखी एक उदाहरण घरातलंच. माझा मामेभाऊ तिथे शिकायला गेला आहे. चार मुलं मिळून एका जुन्या घराचा खालचा मजला भाड्याने घेतात. हीटिंगचं बिल त्यांनाच येतं. थंडीत दुकानातून प्लास्टिकची पारदर्शक फिल्म आणायची, खिडकीला चिकटवायची आणि केस वाळवायच्या ड्रायरने ताणून बसवायची, असा त्यांचा उद्योग. खिडक्या आणि इन्सुलेशनची सवलत घराचा मालक असलेल्याला आणि त्यातच राहणाऱ्याला. मुलं मालक नाहीत. मालक त्या घरात राहत नाही, म्हणून त्यालाही सवलत नाही. आणि बिल तो भरत नाही, म्हणून खिडकीशी त्याला देणंघेणं नाही. त्या खिडकीतून ऊब बाहेर जाते आणि तिची जबाबदारी कुणाकडेच नाही.

या दोन गोष्टी अपवाद असतील असं मला आधी वाटलं. ते तसं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले सेव्हरिन बोरेन्स्टीन आणि लुकास डेव्हिस या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ पासूनच्या अशा सगळ्या ऊर्जा करसवलतींचा आयकर विवरणांवरून हिशेब मांडला होता. उत्पन्नाप्रमाणे लोकसंख्येचे पाच समान भाग केले तर सवलतीचा सुमारे ६० टक्के पैसा सगळ्यात वरच्या एका भागाला गेला, आणि खालच्या तीन भागांना मिळून सुमारे १० टक्के. हा अभ्यास २०२२ च्या कायद्याआधीचा आहे, पण सवलतीची यंत्रणा तीच होती: आधी स्वतःचं घर हवं, मग हातात रोख हवी, मग कर भरण्याइतकं उत्पन्न हवं. तीन चाळण्यांतून जे खाली पडतं ते कुणाचं असणार?

आता हे सगळं उचलून आपल्याकडे आणलं तर काय होईल? माझ्या भाषणाचा शेवट तोच होता ना.

मी वर्गात एक प्रयोग केला. तासाच्या आधी फळ्याजवळ उभं राहून विचारलं, कुणाच्या घरी आयकर भरतात, हात वर करा. मोजायला माझ्या एका हाताची बोटं पुरली. आणि २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर शून्य झाला आहे, म्हणजे त्या वर केलेल्या हातांतलेही दोन-तीन खाली येतील. बेळगावातल्या साध्या शिक्षकाच्या, बँकेतल्या कारकुनाच्या घरी जिथे ही सवलत पोहोचणार नाही, तिथे वडगाव-खासबागच्या मागवाल्याच्या घरी कुठून पोहोचणार?

आपल्या सरकारला हा मार्ग माहीत नाही असंही नाही. एप्रिल २०१९ ते मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत वजावट दिली होती, कलम ८०ईईबी. गाडीसाठी कर्ज काढणारा, कर भरणारा, जुनी प्रणाली निवडणारा. आणि याच्या उलट बाजूला बघा: १८ जुलै २०२२ पासून एलईडी दिव्यावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. म्हणजे गाडीवाल्याला सूट आणि बल्बवाल्याला वाढ. गेल्या सप्टेंबरात एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला तेव्हाही एक तारा असलेला एसी आणि पाच तारे असलेला एसी एकाच मापाने मोजले गेले. तारे चिकटवायचे कशाला मग, असं आमच्या बाबांनी पेपर वाचताना विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही.

प्रतिकूल बाजूच्या मित्राने स्पर्धेत म्हटलं होतं की सरकारने यात पडूच नये, ज्याचं बिल त्याने बघावं. त्याच्याशी मी आजही सहमत नाही. सरकारने पडावं, पण आयकराच्या दारातून नको. दुसरं दार आपल्याच देशात उघडून झालेलं आहे. ५ जानेवारी २०१५ ला 'उजाला' योजना सुरू झाली. तेव्हा एलईडी बल्ब महाग होता म्हणून लोक घेत नव्हते, आणि लोक घेत नव्हते म्हणून महाग होता. ईईएसएल या सरकारी कंपनीने कोट्यवधी बल्बांची एकत्र मागणी नोंदवून निविदा काढल्या. जो बल्ब खरेदीत ३१० रुपयांना पडत होता तो दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला. योजनेतून ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. आमच्या आईने रांगेत उभं राहून ते आणले होते, मला आठवतं, मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. तिला कुणी पॅन कार्ड मागितलं नाही, घर स्वतःचं आहे का असं विचारलं नाही, तीस टक्के पुढच्या वर्षी मिळतील असं सांगितलं नाही. बल्ब स्वस्त मिळाला, घरी आणून लावला, संपलं.

अमेरिकेतही असं दार आहे, हे मी भाषणात सांगायला हवं होतं. गरीब कुटुंबांच्या घरांच्या फटी बुजवून, इन्सुलेशन घालून देण्याची तिथली सरकारी योजना १९७६ पासून चालू आहे, म्हणजे करसवलतीच्याही आधीची. तिथे माणसं येऊन काम करून जातात. आत्याच्या शेजारणीला मी तिचं नाव कळवायला सांगितलंय.

आता आमच्या घरात येते. आम्ही वडगावात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, पण तसं म्हणणाऱ्याने एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता आमच्या स्लॅबखाली बसून दाखवावं. पंखे दोन, दोन्ही जुने, ७५ वॅटचे. मी बक्षिसाच्या उत्साहात आईला म्हटलं, नवा बीएलडीसी पंखा घेऊ, तीस वॅटच खातो. आई म्हणाली, "त्येला सत्तावीसशे रुपये घालायचे? कशाला गं? बिल तर शून्य येतंय की."

बरोबर आहे तिचं. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून गृहज्योती आहे. आधीच्या वर्षीच्या सरासरी वापरात दहा टक्के मिळवून तेवढी वीज, दोनशे युनिटांच्या आत, फुकट, भाडेकरूंनासुद्धा. माझ्या घराला तिने खरंच हात दिला आहे, त्या वाचलेल्या पैशातून माझी बसपासाची आणि पुस्तकांची सोय होते, त्यामुळे 'फुकटेगिरी' म्हणून तिला नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. पण वीज वाचवायचं कारण तिने आईच्या हातातून काढून घेतलं, हेही खरं. वाचवलं तरी शून्य, नाही वाचवलं तरी शून्य.

मग वाचवून फायदा कुणाचा? बिल भरतो त्याचा. आणि आमचं बिल भरतं सरकार. मी वहीत मांडलं: पंचेचाळीस वॅटचा फरक, दिवसाला बारा तास, म्हणजे महिन्याला सोळा युनिटं. आपल्याकडे पंखा वर्षातले आठ महिने धरू, डिसेंबरात कुणी लावत नाही. वर्षाला एकशे अठ्ठावीस युनिटं. सहा रुपयांनी साधारण ७७० रुपये. सत्तावीसशेचा पंखा साडेतीन वर्षांत फिटतो, आणि बल्बांसारखी एकगठ्ठा खरेदी केली तर आणखी लवकर. म्हणजे ज्या घरांचं बिल सरकार भरतं, त्या घरांत चांगला पंखा सरकारने स्वतःच्या फायद्यासाठी बसवून द्यावा. हे दान नाही. आत्याने माळ्यावर जो खर्च केला तसाच हा खर्च आहे, आपलं बिल कमी व्हावं म्हणून केलेला. फक्त इथे बिल सरकारचं आहे. पुढच्या वर्षी स्पर्धेत हा विषय पुन्हा आला तर मी एवढंच बोलेन, आणि दुसरा नंबर जाईल तर जाऊदे.

पंख्याचं एक वेळ जमेल, तो घर सोडताना काढून नेता येतो. छताचं काय? 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॅटच्या सौर पॅनेलला ७८ हजार रुपये अनुदान आहे, आणि ते आयकराला बांधलेलं नाही हे चांगलं. पण त्याला छप्पर लागतं, आणि छप्पर मालकाचं. अहमदाबाद महापालिकेने २०१७ पासून वस्त्यांमधल्या छतांना पांढरा रंग दिला, तेलंगणाने २०२३ मध्ये त्याचं धोरणच केलं. आपल्याकडे ते येईल तेव्हा येईल. तोवर मी घरमालकीण काकूंना भेटले. गच्चीला चुना आणि फेविकॉल कालवून दोन हात मारले तर खालची खोली बरीच थंड राहते, असं समजावून सांगितलं. माल दोन-एक हजारांचा, मजुरी आम्हीच करू.

काकू म्हणाल्या, "लावा की, मी कुठं नको म्हणाले? पण पैसे मी कशाला द्यायचे, मी काय तिथं झोपते काय?" बाबा म्हणतात, पैसे आपण कशाला घालायचे, जूनमध्ये करार संपतोय, आणि चुना तर पावसात धुऊन जाणार. दोघांचंही बरोबर आहे. मामेभावाच्या खिडकीचं भांडण ते हेच.

शेवटी मी काकूंना विचारलं, निम्मे निम्मे? त्या म्हणाल्या, होळी झाल्यावर बघू. बक्षिसाचे पाचशे रुपये मी त्यासाठी बाजूला ठेवले आहेत.